घटस्थापनेच्या आत जिने मोकळे करा

इंदूरच्या राजवाड्याच्या मागच्या अंगाला आपल्या गल्लीत जे राहतात, आणि जे राहत नाहीत पण ज्यांचे इथे घर, दुकान किंवा गोदाम आहे, त्या सगळ्यांना रहवासी संघाचा हा इशारा आहे. विनंत्या करून झाल्या. गणपतीच्या वर्गणीच्या पावतीमागे छापून झाल्या, होळीच्या बैठकीत वाचून झाल्या, चहा पिता पिता तुम्ही त्या ऐकल्यात आणि बशी खाली ठेवून घरी गेलात. आता मुदत सांगतो. सर्वपित्री अमावास्येची रात्र ही शेवटची. घटस्थापनेच्या सकाळी सात वाजता संघाची माणसे गल्लीच्या तोंडापासून शेवटच्या वाड्यापर्यंत चालत जातील, प्रत्येक जिना, प्रत्येक बोळ, प्रत्येक चौक बघतील, फोटो काढतील, आणि जे दिसेल ते घर नंबरासकट नगर निगमच्या झोन कार्यालयाला आणि अग्निशमन विभागाला लेखी देतील. पदाधिकाऱ्यांची घरे यातून सुटलेली नाहीत. अध्यक्षांच्या वाड्याचा नंबर रांगेत दुसराच आहे.

पितृपक्षात नवे काम हाती घेत नाहीत, असे दोन ठिकाणांहून कानावर आले. जिन्यातले गठ्ठे उचलणे हे नवे काम कधीपासून झाले?

मुदत घटस्थापनेचीच का, तेही सांगून ठेवतो. नवरात्रापासून राजवाड्याला गर्दी चढते ती धनत्रयोदशीला टोकाला जाते. सुभाष चौकापासून गोराकुंडापर्यंत पाय ठेवायला जागा नसते. शीतलामाता बाजारात साड्यांची, बर्तन बाजारात भांड्यांची, सराफ्यात सोन्याची गिऱ्हाइके, आणि या सगळ्यांचा जादा माल आपल्या घरांत. आपली गल्ली वर्षाचे दहा महिने अर्धे गोदाम असते, दिवाळीआधीचे दोन महिने पूर्ण. त्या दोन महिन्यांत ठिणगी पडली तर मोती तबेल्याहून निघालेला बंब आपल्यापर्यंत येणार कसा, हा प्रश्न आम्ही प्रत्येक बैठकीत विचारला आहे. उत्तर दिले नाही कुणी. उत्तर रोज सकाळी आपल्या डोळ्यांपुढे येते. निगमची कचरागाडी गाणे वाजवत येते आणि गल्लीच्या तोंडाशी थांबते, कारण आत दोन्ही बाजूंनी लावलेल्या स्कूटर, ओटल्यावरून खाली आलेली शटरे आणि हातगाड्या यांच्यामधून तिला शिरता येत नाही. आपण बादल्या घेऊन तिच्याकडे चालत जातो. जिथे कचऱ्याची छोटी गाडी शिरत नाही तिथे पाण्याने भरलेला बंब शिरेल, असे मानणाऱ्यांनी पुढे यावे आणि ते गणित आम्हाला समजावून द्यावे.

आता एका जिन्याविषयी. कोणाचा ते लिहीत नाही. ज्याचा आहे त्याला वाचताच कळेल, आणि आणखी निदान पाच जणांना तो आपलाच वाटेल. सागवानी जिना, दोन वळणांचा, दोन माणसे शेजारी शेजारी चढतील इतका मूळचा रुंद. तळाशी तीन दुचाक्या, त्यातली एक बॅटरीची, वरच्या मजल्यावरून सोडलेल्या वायरीने रात्रभर चार्ज होणारी. पहिल्या पायरीपासून भिंतीच्या कडेने होजियरीचे गठ्ठे, प्लॅस्टिकमध्ये बांधलेले, माणसाच्या छातीपर्यंत. पहिल्या वळणावर लाकडी फळीवर ओळीने विजेची मीटरे, त्यांच्यातून निघून कुठे जातात हे कुणालाच न कळणाऱ्या वायरी, आणि बरोबर त्यांच्या खाली पुठ्ठ्याचे खोके. दुसऱ्या वळणावर रिकामे आणि भरलेले सिलिंडर एकमेकांना टेकून. गॅसवाला टाकी खांद्यावर घेऊन येतो तेव्हा खालूनच आवाज देतो, म्हणजे वरून उतरणारा थांबतो. दोघे एका वेळी मावत नाहीत. आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर एक आजी राहतात, त्यांना वॉकर लागतो. त्या गेल्या पावसाळ्यापासून खाली उतरलेल्या नाहीत. त्यांचा मुलगा म्हणतो, आईला उतरायची इच्छाच होत नाही. जिना बघितल्यावर आम्हाला त्यांच्या इच्छेचे कोडे उलगडले.

मे 2022 मध्ये आपल्याच शहरात स्वर्णबाग कॉलनीत पहाटे एका इमारतीच्या तळाशी उभ्या स्कूटरला एकाने आग लावली. लावणाऱ्याच्या डोक्यात सूड होता, इमारतीतल्या बहुतेकांचा त्यात काही संबंध नव्हता. दोन मजल्यांची इमारत, म्हणजे आपल्या कुठल्याही वाड्याहून ठेंगणी. खालच्या गाड्या पेटल्या आणि उतरायचा रस्ताच आगीत सापडला. 7 माणसे गेली. जिना हे घराचे धुराडे असते. आग तळाला असली तर धूर आधी वर पोचतो आणि माणूस नंतर खाली. आपल्याकडे सूड घ्यायला कोणी यायची गरज नाही. चार्जिंगची एक तापलेली वायर पुरते.

आणि आपण राहतो कुठे? ज्या वास्तूच्या नावावर ही सगळी वस्ती ओळखली जाते ती आजवर 3 वेळा जळली आहे. 1801 मध्ये सर्जेराव घाटग्याने शिंद्यांच्या वतीने इंदूर जाळले तेव्हा, मग 1908 मध्ये, आणि मग 1984 च्या दंगलीत. शेवटची आग आपल्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाला आठवते. राजवाड्याचे खालचे 3 मजले दगडाचे आणि वरचे 4 लाकडाचे. दर्शनी भाग उभा राहिला आणि मागचे लाकूड गेले. मागची बाजू पुन्हा उभी राहायला पुढची वीसेक वर्षे जावी लागली, तीही होळकर घराण्यातल्या उषाराजेंनी मनावर घेतले म्हणून. आपल्या वाड्यांचा सागही त्याच जातीचा, तितकाच कोरडा, वर्षानुवर्षे तेल आणि वार्निश प्यायलेला. फरक इतकाच की आपले जळाले तर पुरातत्त्व विभाग येणार नाही, बिल्डर येईल.

गोदामे का झाली हे आम्हाला समजते. मुले विजयनगरला, निपानियाला, कोणी पुण्याला, कोणी त्याहून लांब गेली. म्हाताऱ्यांना चार खोल्या सांभाळवत नाहीत. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधला व्यापारी येतो, वरच्या दोन खोल्यांचे भाडे रोख देतो, कुटुंब भाडेकरूसारखी कटकट करत नाही, पाणी मागत नाही, संडास वापरत नाही. पेन्शनीत छपराची कौले बदलता येत नाहीत, या भाड्यात येतात. हे सगळे खरे. पण खोली भाड्याने दिली म्हणजे जिनाही दिला, असे कुठल्या भाडेचिठ्ठीत लिहिले आहे? जिना सगळ्या बिऱ्हाडांचा आहे. खोलीत माल ठेवायचा तर ठेवा, त्याची निगमकडून जी परवानगी लागते ती काढा, आणि दार लावा. दाराबाहेर एक पुठ्ठाही राहता कामा नये. दिवाळीच्या तोंडावर फटाक्यांचा माल घरात उतरवणाऱ्यांना मात्र अमावास्येपर्यंतचीही मुदत नाही. तसे खोके दिसले त्याच तासाला पोलिसांना फोन जाईल.

विहिरींचा विषय वेगळा घेतो, कारण यात आग नाही, आवाज नाही, आणि म्हणून भीतीही कुणाला वाटत नाही.

नर्मदेचे पाणी इंदुरात 1978 मध्ये आले. त्याच्या आधी हे शहर विहिरी, बावड्या आणि तलावांवर जगत होते, आणि आपल्या गल्लीतल्या जुन्या वाड्यांपैकी बऱ्याच वाड्यांच्या चौकात स्वतःची विहीर होती. नळ आले, विहिरी नकोशा झाल्या. कुणी कचरा टाकून बुजवल्या, कुणी फरशीच्या लाद्या टाकल्या, कुणी गर्डरवर स्लॅब ओतून वर तुळशीवृंदावन हलवले. ज्यांनी हे केले ते गेले. नातवंडांना चौक माहीत आहे, चौकाखाली काय आहे ते माहीत नाही. लोखंडी गर्डर ओलाव्यावर पन्नास वर्षे कसा राहतो, हे ज्याने पावसाळ्यात सायकल बाहेर ठेवली आहे त्याला सांगायला नको.

30 मार्च 2023, रामनवमी. पटेल नगरातल्या बेलेश्वर महादेव झुलेलाल मंदिरात हवन चालू होते आणि माणसे ज्या फरशीवर बसली होती ती खाली गेली. खाली जुनी बावडी होती. 36 माणसे मेली. सैन्याला बोलवावे लागले, रात्र गेली, दुसरा दिवस उजाडला तरी प्रेते निघत होती. हे सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिले. जे कमी जणांच्या लक्षात राहिले ते असे, की तिथल्या बांधकामाबद्दल आसपासच्या रहिवाशांनी आधीच तक्रार केली होती. निगमने नोटीस दिली होती. नोटिशीला उत्तरही आले होते. म्हणजे कागद सगळे जागेवर होते. जागेवर नव्हती ती फक्त फरशी. आणि दुर्घटनेनंतर चारच दिवसांत निगमची यंत्रे येऊन ते बांधकाम पाडूनही गेली. जे काम 36 माणसे मेल्यावर चार दिवसांत होते ते आधी का झाले नाही, हा प्रश्न निगमला जितका विचारायचा तितकाच तक्रार करून गप्प बसलेल्या शेजाऱ्यांनाही विचारायला हवा. हा संघ त्या गप्प शेजाऱ्यांत बसणार नाही. म्हणून हा कागद मागच्या कागदांसारखा नाही.

आपल्याकडे नवरात्रात तीन वाड्यांच्या चौकांत भोंडला होतो. मध्ये पाटावर हत्ती, भोवती पंचवीस-तीस बायका आणि मुली फेर धरून. त्या तीनपैकी दोन चौकांखाली विहीर आहे, असे जुनी माणसे सांगतात. कुणी म्हणते बुजवली, कुणी म्हणते नुसती झाकली. 'असे सांगतात' एवढ्यावर आम्ही तीस जणींना फेर धरू देणार नाही. ज्यांच्या चौकाखाली विहीर आहे किंवा असावी असा संशय आहे, त्यांनी ती कुठे आहे, कशाने झाकली आहे, दगडाने, गर्डरने की स्लॅबने, आणि अंदाजे कोणत्या साली, हे अमावास्येच्या आत संघाला लिहून द्यावे. संघ आपल्या खर्चाने इंजिनिअर आणून दाखवील. इंजिनिअरने भार चालेल असे लिहून दिले तर भोंडला तिथेच. नाही दिले तर चौकात दोरी लागेल आणि त्या वर्षी भोंडला शाळेच्या पटांगणात. खिरापत तिथेही तितकीच गोड लागते. माहिती लपवली आणि नंतर कळली, तर त्या घराचे नाव निगमला पाठवलेल्या कागदात सगळ्यात वर असेल.

जर्जर वाड्यांबद्दल थोडक्यात, कारण त्यांच्याबद्दल आपण एरवी फारच बोलतो. 31 मार्च 2018 च्या रात्री सरवटे बस स्टँडजवळची हॉटेलची जुनी इमारत बसली, 10 माणसे गेली. सप्टेंबर 2025 मध्ये राणीपुऱ्यात, म्हणजे आपल्यापासून चालत जायच्या अंतरावर, राहते घर कोसळून दोघे गेले आणि बरेच जखमी झाले. आपल्या गल्लीतले दोन वाडे असे आहेत की त्यांच्या भिंतीला बाहेरून बल्ल्या लावल्या आहेत आणि आत बिऱ्हाडे आहेत. मालकाला वाटते भाडेकरू निघाला की सुटलो, भाडेकरूला वाटते बाहेर पाऊल टाकले की हक्क गेला. दोघे एकमेकांकडे बघत बसतात, आणि भिंत दोघांचीही वाट बघत नाही. मुंबईत भेंडीबाजारच्या हुसैनी इमारतीत हेच झाले. धोकादायक ठरून वर्षे लोटली होती, काही कुटुंबे निघून गेली, काही थांबली, आणि 31 ऑगस्ट 2017 च्या सकाळी तीसहून अधिक माणसे ढिगाऱ्याखाली सापडली. भाडेकरूंनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: 1961 च्या मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियमात, दुरुस्तीसाठी किंवा पुन्हा बांधण्यासाठी घर रिकामे करून घेतले तर भाडेकरूला परत येण्याची तरतूद आहे. तुमच्या भाडेकराराला कोणता कायदा लागतो ते वकिलाकडून बघून घ्या, मालकाकडून स्टँपपेपरवर लिहून घ्या, संघ साक्षीला उभा राहील. पण बल्ल्यांच्या आधाराने उभ्या भिंतीखाली आणखी एक पावसाळा काढायचा विचार असेल तर तो विसरा. या दोन वाड्यांची यादी घटस्थापनेची वाट न बघता याच आठवड्यात निगमला जाते आहे.

पाण्याचे. नर्मदा एक दिवसाआड येते आणि धार बारीक असते, हे मान्य. म्हणून नळाच्या लाइनला थेट मोटर लावायची? लाइनवर मोटर चालू केली की ती पाणी ओढते, पाणी कमी पडले की जे मिळेल ते ओढते. जुन्या पाइपाला जिथे जिथे चीर असेल तिथून शेजारच्या गटाराचे पाणी आत घेते आणि ते फक्त मोटरवाल्याच्या टाकीत न जाता पुढच्या सगळ्या घरांत जाते. 2025 च्या डिसेंबरअखेर भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला. मुख्य लाइनला गळती, आणि तिच्यावरच शौचालय. दवाखाने भरले, माणसे मेली, त्यात तान्हे मूलही. पाण्याला वास येतो अशी ओरड तिथले लोक आधीपासून करत होते. आणि हे शहर कोणते? स्वच्छतेत सलग 7 वेळा देशात पहिले आलेले. झाडलेल्या रस्त्याखालून काय वाहते ते पारितोषिक देणाऱ्यांना दिसत नाही. आपल्याला निदान वासावरून कळायला हवे. गल्लीत किती मोटरी आहेत हे पाणी यायच्या वेळी ओटल्यावर उभे राहिले तर ऐकू येते. आम्ही उभे राहिलो होतो आणि घरे लिहून घेतली आहेत. घटस्थापनेनंतर लाइनवर चालू सापडलेल्या मोटरीची तक्रार थेट निगमच्या जलविभागाकडे जाईल. कनेक्शन कापले गेले तर संघाकडे रदबदली करायला येऊ नये.

सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीवरून गेली काही वर्षे वाद चालू आहे. दिवसा सोने विकणाऱ्यांचे म्हणणे असे की त्यांच्या दारात रात्री गॅसच्या शेगड्या आणि तेलाच्या कढया नकोत. त्या वादात संघ पडत नाही. भुट्ट्याचा कीस आणि हिवाळ्यातले गराडू आम्हालाही सुटत नाहीत. पण त्या दुकानांच्या भरलेल्या टाक्या दिवसा आपल्या गल्लीतल्या ओटल्यांखाली ठेवल्या जातात आणि त्याचे पैसे आपल्यातलेच काही जण घेतात. ते बंद. टाक्या कुणाच्या आहेत ते आम्हाला विचारायचे नाही, ओटला कुणाचा आहे तेवढे पुरे.

या शहराला शिस्त फक्त दंडुक्याने लागते असे नाही, हे इथलाच इतिहास सांगतो. शंभर वर्षांपूर्वी होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला इंदुरात बोलावले. त्याचा अहवाल 1918 मध्ये निघाला. प्लेगाचे दिवस होते, उंदीर घराघरांत. गेडिसने दिवाळीला मोठी मिरवणूक काढायचे ठरवले आणि जाहीर केले की ती नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या वस्त्या घरे झाडून, दुरुस्त करून सर्वांत नीट ठेवतील त्यांच्यातून जाईल. गल्ल्या एकमेकींशी चढाओढीने लागल्या आणि मिरवणुकीआधी गाड्याच्या गाड्या भरून कचरा बाहेर पडला. शिवाय गेडिस जुन्या वस्त्या सरसकट पाडायच्या विरुद्ध होता. जे सडले तेवढेच काढा, बाकी राखा, असे त्याचे म्हणणे. आज आपल्या भागात रस्ता रुंद करायचा म्हटले की घराचा दर्शनी भाग कापला जातो, मेट्रोचे स्टेशन म्हटले की सगळे हादरतात, आणि आपण मोर्चे काढतो की आमच्या जुन्या वस्तीला हात लावू नका. काढावेतच. पण जी वस्ती स्वतःचा जिना मोकळा ठेवत नाही तिने वारशाच्या गोष्टी कोणत्या तोंडाने कराव्यात? पाडणाऱ्याला कारण हवेच असते. ते आपण गठ्ठे बांधून जिन्यात रचून ठेवले आहे.

'संघाला अधिकार काय?' असा सवाल मागच्या बैठकीत एका गृहस्थांनी मिशीला पीळ देत केला. सवाल रास्त आहे. संघाला तुमचे कुलूप तोडायचा अधिकार नाही, दंड करायचा नाही, नळ कापायचा तर नाहीच नाही. संघाला लिहायचा अधिकार आहे. मध्य प्रदेश नगरपालिक निगम अधिनियम 1956 च्या 310 व्या कलमाखाली पडायला झालेली इमारत रिकामी करायला किंवा पाडायला लावायचा अधिकार निगमकडे आहे; आम्ही त्या कलमाचा हवाला देऊन लिहू. इंदूर 311 अॅपवर तक्रार टाकू, 181 या हेल्पलाइनवर टाकू, आणि दर मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते तिथे फोटो घेऊन रांगेत बसू. उत्तर येईपर्यंत बसू. ओळखीच्या पार्षदाचा, भाऊसाहेबांचा, भैयाजींचा फोन आला तर नम्रपणे घेऊ आणि तक्रार मागे घेणार नाही. 2019 मध्ये गंजी कंपाउंडात जर्जर घर पाडायला आलेल्या निगमच्या अधिकाऱ्यावर क्रिकेटची बॅट उगारली गेली आणि देशभर आपल्या शहराचे हसे झाले. तसला तमाशा या गल्लीत करायचा कुणाचा विचार असेल तर त्याने हेही लक्षात घ्यावे की त्या दिवशी गल्लीतले कॅमेरे चालू असतील.

आणखी एक कलम सांगतो, ते निगमचे नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या 106 व्या कलमाप्रमाणे निष्काळजीपणाने कुणाचा मृत्यू घडवला तर 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशा खटल्यात आरोपी सहसा म्हणतो, 'मला कल्पना नव्हती.' या इशाऱ्यानंतर आपल्या गल्लीत कुणाला तसे म्हणता येणार नाही. ज्याच्या जिन्यात माणूस गुदमरला, ज्याच्या चौकात बाई खाली गेली, त्याला हा कागद कधी आणि कुणाच्या हातून मिळाला, हे संघाचे पदाधिकारी कोर्टात उभे राहून सांगतील. शेजारधर्म, एकत्र केलेला गणपती, एकमेकांच्या मुलींची लग्ने, सगळे आठवत असूनही सांगतील.

मदतीचे बोलायचे तर तीही आहे. महालयातल्या दोन्ही रविवारी सकाळी आठपासून संघाचे दोन हम्माल आणि एक हातगाडी गल्लीच्या तोंडाशी असेल. जिन्यातला माल खोलीत किंवा बाहेर हलवायला त्यांचे पैसे संघ देईल. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांकडे ते आधी जातील. मीटरच्या फळ्या आणि लोंबत्या वायरी बघायला परवानाधारक वायरमन ठरवला आहे, तपासणी फुकट, दुरुस्तीचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे. दुचाक्या रात्री जिन्याखाली न लावता गल्लीच्या एकाच अंगाला, भिंतीला चिकटून, एका ओळीत लागतील. दुसरे अंग पूर्ण मोकळे. बॅटरीची गाडी जिन्याखाली चार्ज करायची नाही, दिवसाही नाही. अमावास्येच्या आदल्या दिवशी आम्ही अग्निशमन विभागाला बंब आणून दाखवण्याची लेखी विनंती करणार आहोत. तो आला तर शेवटच्या वाड्यापर्यंत गेला पाहिजे. ज्याच्या गाडीपाशी अडेल त्याचे नाव तिथल्या तिथे फळ्यावर लिहिले जाईल.

हा इशारा प्रत्येक घरी दोन प्रतींत येतो आहे. एक ठेवून घ्या, दुसरीवर नाव, तारीख, वेळ लिहून सही करून आणणाऱ्याच्या हातात परत द्या. गोदामाला कुलूप असेल तर प्रत मालकाच्या राहत्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने जाईल, विजयनगर असो की पुणे. सही करायला नकार दिला तर तसे दोन साक्षीदारांच्या सहीने प्रतीवर लिहून ती दाराला चिकटवली जाईल आणि चिकटवलेल्या दाराचा फोटो फाइलला लागेल.